गादी बदलली, तरी…

[पडद्यावर: मानेचे दोन एक्स-रे, शेजारी शेजारी]

एका फिल्ममध्ये हनुवटी छातीला टेकलीय. दुसरीत नजर छताकडे. पाचव्या-सहाव्या मणक्यांमध्ये ऑपरेशन करून बसवलेली धातूची कृत्रिम गादी मात्र दोन्हीकडे एकाच कोनात, म्हणजे ती हलतच नाहीय. तिच्या पुढच्या कडेला बघा, वरच्या मणक्यातून चोचीसारखं काहीतरी खाली उतरलंय. ते हाड आहे. ऑपरेशन झालं तेव्हा ते नव्हतं.

मणक्यांमधली मूळची गादी सरकते, नस दबते, हाताला मुंग्या येतात, हातातला कप निसटतो. गोळ्या, व्यायाम, पट्टा करूनही उतार पडत नाही, तेव्हा गादी काढतात. मग दोन्ही मणके कायमचे जोडून टाकायचे, नाहीतर मध्ये कृत्रिम गादी बसवायची. ही दुसरी वाट निघाली ती एवढ्यासाठीच, की मान तिथे हलत राहावी.

[जुनी छायाचित्रं: ब्रिस्टल, इंग्लंड]

ब्रिस्टलच्या फ्रेंचे रुग्णालयात ब्रायन कमिन्स यांनी 1990च्या दशकात वाटीत गोळा फिरावा तशी पोलादी गादी बसवायला सुरुवात केली. पहिल्या 20 रुग्णांचा वृत्तांत 1998 साली छापला गेला. काहींचे स्क्रू निघाले, काहींचे मोडले. पुढे त्याच घराण्यातली सुधारलेली गादी 2007 मध्ये अमेरिकेत मंजूर झाली.

ऑपरेशनची वाट गळ्यातून जाते. श्वासनलिका आणि अन्ननलिका एका बाजूला सरकवायच्या, मोठी रक्तवाहिनी दुसऱ्या बाजूला. म्हणून नंतर काही दिवस घास अडकतो, आवाज घोगरा होतो. बहुतेकांचं ते हळूहळू सुटतं. पण ऑपरेशननंतर काही तासांत गळा फुगायला लागला, श्वास लागला, तर आत रक्त साठत असू शकतं. तेव्हा सकाळच्या राउंडची वाट बघायची नसते.

काही गाद्यांत प्लास्टिकचा भाग असतो. तो झिजला की बारीक कण सुटतात, शरीर त्यांच्यावर तुटून पडतं आणि त्या भांडणात आजूबाजूचं हाडच विरघळत जातं. गादी सैल होते. मग पुन्हा त्याच गळ्यातून, पण आता जुन्या व्रणाच्या चिकट जाळ्यातून वाट काढायची. पहिल्यापेक्षा हे काम अवघड. आणि शेवटी मणके जोडायचीच वेळ येते, जी टाळायला एवढा खटाटोप केला होता.

चोचीची गोष्ट याच्या उलट. इथे हाड विरघळत नाही, वाढतं. ते टाळायला मणका कोरताना उडालेला हाडाचा भुगा सर्जन पुन्हापुन्हा धुऊन काढतात, काहीजण नंतर थोडे दिवस सूज उतरवणाऱ्या गोळ्या देतात. तरीही काहींच्या मानेत दोन मणक्यांमध्ये हाडाचा पूल तयार होतो आणि गादी जागीच अडकते.

[पुन्हा ते दोन एक्स-रे]

“मग आता ही काढायची का, डॉक्टर?”

दुखत नसेल, नस मोकळी असेल, तर नाही. गंमत अशी, की गादी अडकलीय हे पुष्कळांना एक्स-रे बघेपर्यंत कळलेलंही नसतं. मान डावी-उजवीकडे वळवण्याचं निम्मं काम सगळ्यात वरचे दोन मणके करतात, आणि ते अजून चालू असतं.