राहून गेलेला स्वल्पविराम: फोरट्रान कंपायलरची गोष्ट

नमस्कार मंडळी! एप्रिल १९५७. अमेरिकेत पिट्सबर्गजवळची वेस्टिंगहाऊसची बेटिस प्रयोगशाळा. तिथे एक खोका येऊन पडतो. उघडून बघतात तर आत भोकं पाडलेली कार्डं, जवळपास दोन हजार. सोबत ना चिठ्ठी, ना माहितीपुस्तिका. तरी तिथल्या लोकांनी ओळखलं: हा आयबीएमचा फोरट्रान कंपायलर असणार, म्हणजे फोरट्रान भाषेत लिहिलेली सूत्रं यंत्राच्या आज्ञांमध्ये बदलणारा प्रोग्राम!

त्याची वाट सगळे कधीपासून बघत होते. आयबीएममधल्या जॉन बॅकस यांनी १९५३ च्या अखेरीस आपल्या कंपनीकडे असा कंपायलर बनवण्याचा प्रस्ताव मांडला होता. कधी होणार असं कुणी विचारलं की त्यांच्या गटाचं उत्तर ठरलेलं: सहा महिन्यांत. लागली तीन वर्षं.

अडचण काय होती? सूत्र वाचून यंत्राच्या आज्ञा तयार करणं जमण्यासारखं होतं. पण हाताने लिहिलेल्या प्रोग्रामची सर त्याला येईल, यावर प्रोग्रामर मंडळींचा विश्वासच नव्हता. आधीच्या यंत्रांवर दशांशाचं गणित इतकं रेंगाळायचं की इतर ढिलाई त्यात झाकून जायची. नव्या आयबीएम ७०४ या संगणकात ते गणित थेट यंत्रच करू लागलं, आणि ढिलाई लपवायला जागाच उरली नाही.

म्हणून गटाने सगळा जीव वेगासाठी ओतला. ७०४ मध्ये इंडेक्स रजिस्टर, म्हणजे यादीतली कितवी संख्या घ्यायची ते झटपट धरून ठेवणाऱ्या छोट्या जागा, फक्त तीन. ती प्रोग्रामच्या कुठल्या भागाला, कधी द्यायची? त्यासाठी प्रोग्रामचा कुठला भाग जास्त वेळा चालणार, हे आधी कळायला हवं. हे शोधणारा कंपायलरचा भाग गटातल्या लॉइस हेब्त यांनी लिहिला. कॉलेजमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या होत्या त्या! त्यांचा कोड प्रोग्रामचे तुकडे पाडायचा आणि जणू फासे टाकत तो खोटाखोटा चालवून बघायचा: कुठल्या वाटेने किती वेळा जाणं होतं, याचा हिशोब. मला तर सगळ्या कंपायलरमध्ये हाच भाग सर्वांत देखणा वाटतो.

आता परत त्या खोक्याकडे. बेटिसमध्ये कार्डं यंत्रात घातली, आपला एक प्रोग्राम पुढे केला. कंपायलर थांबला आणि छापून आलं: उजव्या कंसानंतर स्वल्पविराम नाही.

बघितलं तर खरंच नव्हता. कार्ड दुरुस्त केलं, पुन्हा घातलं, आणि प्रिंटरमधून उत्तरांची पानं बाहेर यायला लागली.