आगरातलं ‘आपोआप’

(पहाट. बांधावरून चालणारे पाय. वाफ्यांत आभाळ.)

हे गोव्यात, पेडण्यातलं आगरवाडा. नावातच आगर आहे, म्हणजे मिठागर. भरतीला शापोरा नदीचं खारं पाणी मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत जायचं आणि थांबायचं. बघणाऱ्याला वाटतं, मीठ आपोआप होतं.

पदार्थविज्ञानाचंही साधारण तेच म्हणणं आहे. पुस्तकातला शब्द आहे ‘उत्स्फूर्त प्रक्रिया’. आपल्याकडे बंद उत्स्फूर्त असतो, प्रतिसाद उत्स्फूर्त असतो. इथे मात्र त्या शब्दात उत्साह नाही आणि घाई तर मुळीच नाही. आहे त्या परिस्थितीत, बाहेरून रेटा न देता जे घडू शकतं, ते उत्स्फूर्त.

(लोखंडी कडी, जवळून.)

या कडीवरचा गंज बघा. किती पावसाळे खाल्ले असतील! तरी तो उत्स्फूर्तच.

(दुपार. वाफ्यावर थरथरणारी हवा.)

कोणी म्हणेल, रेटा कसा नाही? एवढं ऊन आहे की! खरं आहे. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता लागते. किलोभर मिठासाठी 35 लिटरहून जास्त समुद्राचं पाणी आटवावं लागतं, म्हणजे विजेच्या हिशेबात 23-24 युनिट. एवढं बिल कोणी भरलं असतं? पण घट्ट झाकण लावलेलं भांडं याच उन्हात ठेवून बघा. तापेल, आटणार नाही. आणि सावलीतलं धुणं वाळतंच ना? पाणी कुठे जाणार हे हवा किती कोरडी आहे त्यावर ठरतं. म्हणून तर आगरातला माणूस उन्हाइतकाच वाऱ्याकडे बघत असतो.

(पाण्यावर पांढरी नक्षी. इथे निवेदन थांबू द्यावं.)

दुधावर साय धरावी तसं मीठ आधी पाण्यावर धरतं. पाणी मूळच्या जवळजवळ दहाव्या हिश्शावर आलं की हे सुरू होतं. जिप्सम, म्हणजे त्याच पाण्यातला दुसरा एक क्षार, त्याआधीच तळाशी बसलेलं असतं. मग हे तरंगणारे कण जड होतात आणि बुडतात.

आता खरी गंमत. जगाचा पसारा वाढतच जातो, असं उष्मागतिकीचा, म्हणजे उष्णता आणि ऊर्जेच्या शास्त्राचा, दुसरा नियम सांगतो. या पसाऱ्याला जर्मन शास्त्रज्ञ क्लाउझियसने 1865 मध्ये ‘एन्ट्रॉपी’ हे नाव दिलं. मग हे काटेकोर चौकोनी स्फटिक कसे जमले? विस्कटलेल्यातून शिस्त आली कुठून? उत्तर कॅमेऱ्यात येत नाही, कारण ते वर गेलं. वाफ होऊन हवेत पांगलेल्या पाण्याने जो पसारा घातला, त्यापुढे वाफ्यातली ही आवराआवर किरकोळ आहे. हिशेब दोन्हींचा मिळून करायचा.

(संध्याकाळ. लांब दांड्याच्या फावड्याने मीठ ओढणारा माणूस. बांधावर ढीग.)

मात्र हा तळ आपोआप झालेला नाही. हंगामाआधी चिखल काढून, पायांनी तुडवून, चोपून तो असा घट्ट केलाय, की पाणी जिरू नये आणि मिठाला माती लागू नये. निसर्ग दिशा देतो. वाफा माणसालाच करावा लागतो. आणि तो करणारे हात कमी होत चाललेत, बांध फुटले की पुन्हा बांधले जात नाहीत, गोव्यातली कित्येक आगरं अशीच पडून आहेत.

(ढिगावर झावळ्या घालणारे हात. मागे काळे ढग.)

पावसाआधी ढीग झाकायची ही लगबग फक्त सरींच्या भीतीने नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या खाली असेपर्यंत खारं पाणी आटून मीठ होत राहतं. त्यापुढे गेली की तेच मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. तेही उत्स्फूर्तच, फक्त उलट्या दिशेने. स्वयंपाकघरातल्या बरणीत तांदळाचे चार दाणे टाकणाऱ्या आजीला हा आकडा ठाऊक नसेल, महिना ठाऊक असतो.

(झावळीखालून एक थेंब. पाऊस अजून आलेला नाही.)