नाव जगभर एकच, भांडण मात्र ज्याच्या त्याच्या मुलुखातलं

इस्लामिस्ट दहशतवाद हा विषय मोठाय आणि वेळ कमी, म्हणून प्रस्तावना सोडून देतो. एकच गोष्ट आधी क्लिअर करतो, मी इस्लामिस्ट म्हणेन तेव्हा मुसलमान माणूस किंवा त्याचा धर्म माझ्या डोक्यात नाहीये. शरियतवर चालणारं राज्य आणायचं आणि त्यासाठी बंदूक उचलायची असं उघड सांगणाऱ्या संघटना, एवढ्यांबद्दलच बोलणारे. आणि यांच्या हातून मेलेल्या लोकांत सगळ्यात जास्त मुसलमानच आहेत, ते पुढे येईलच.

आता या हल्ल्यांचे आणि मृत्यूंचे आकडे येतात कुठून ते जरा बघू, कारण व्हॉट्सॲपवर जे ग्राफ फिरतात त्यातले बरेचसे एकाच विहिरीतून काढलेले असतात. मेरीलँड विद्यापीठाचा ग्लोबल टेररिझम डेटाबेस. १९७० पासूनच्या घटना त्यात आहेत, पण जुना भाग विद्यापीठाने गोळा केलेलाच नाही, तो पिंकर्टन नावाच्या खाजगी सिक्युरिटी कंपनीच्या लोकांनी केलाय, बातम्या वाचायच्या आणि कार्डावर लिहून ठेवायच्या, असं १९९७ पर्यंत चाललं. मधे कधीतरी ऑफिस हलवताना १९९३ ची कार्डंच गहाळ झाली. म्हणजे आजही त्या यादीत १९९२ आहे, १९९४ आहे, १९९३ च्या घटनाच नाहीत. आणि वर्ष कुठलं गेलं बघा, फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरखाली पहिला बॉम्ब फुटला ते, आणि १२ मार्चला मुंबईत एका दुपारी २५७ माणसं गेली ते. बरं कार्डं सापडली असती तरी मुंबईचे स्फोट कुठल्या खान्यात टाकणार? अंडरवर्ल्डने घडवलेले, दंगलींचा बदला म्हणून, मदत सीमेपलीकडची, शरियतचं राज्य वगैरे त्यात काही नव्हतं. तरी सरसकट मोजणारे ते इस्लामिस्टमधेच धरतात. त्यामुळे आकडा समोर आला की कोणी मोजला आणि काय धरून मोजला, हे विचारायची सवय लावून घ्या.

तरी आकडे टाकून देता येत नाहीत. ढोबळ चित्र पक्कं आहे. सगळ्या प्रकारचा दहशतवाद धरला तर एका नावाजलेल्या मोजणीप्रमाणे २०१४ साली जगात ३२,६८५ लोक मारले गेले, त्याआधी कधी इतके नव्हते. आणि त्यातले ७८ टक्के फक्त पाच देशांत, इराक, नायजेरिया, अफगाणिस्तान, पाकिस्तान, सीरिया. त्या वर्षी सगळ्यात जास्त माणसं मारणारी संघटना आयसिस नव्हती बरं का, नायजेरियातली बोको हराम होती, ६,६४४. आयसिस थोडी मागे. टीव्हीवर मात्र आपण आयसिसच बघत होतो.

लोक सहसा ही गोष्ट एका सरळ रेषेत सांगतात. १९७९ ला इराणमधे क्रांती, त्याच नोव्हेंबरात मक्केच्या मशिदीवर हत्यारबंद लोकांचा कब्जा, डिसेंबरात रशियन फौजा अफगाणिस्तानात, मग मुजाहिदीन, मग अल कायदा, मग ९/११, मग आयसिस. एक विचार निघाला आणि पसरत गेला. यात खोटं काही नाही, पण देशवार ग्राफ मांडून बघितला की ही रेषा मोडते. प्रत्येक देशाचा आपापला डोंगर दिसतो, पाच-दहा वर्षं चढतो आणि बहुतेक ठिकाणी उतरतो, आणि शेजारच्या देशात त्याच काळात अगदी सपाट असतं. विचारच कारण असता तर सगळीकडे साधारण एकदम चढायला हवं होतं ना? तो तर सगळीकडेच पोचलाय, आधी कॅसेटवरून आणि नंतर मोबाईलवरून.

अल्जेरिया घ्या. १९९१ च्या डिसेंबरात निवडणुकीची पहिली फेरी झाली, इस्लामिस्ट पक्ष एफआयएसने त्या फेरीत निकाल लागलेल्या २३१ पैकी १८८ जागा मारल्या, आणि जानेवारीत लष्कराने निवडणूकच रद्द केली. पुढची दहा वर्षं यादवी, दीड लाखाच्या आसपास माणसं मेली असं साधारण मानतात. १९९७ मधे रईस आणि बेंतल्हा इथे रात्रीत शेकडो गावकरी कापले गेले, बायका-पोरांसकट. जीआयए ही संघटना तेव्हा अशा थराला गेली होती की आम्हाला साथ न देणारा समाजच काफिर, असं त्यांचं म्हणणं. त्यातूनच लोक तुटले, त्यांच्यातलेच लढवय्ये फुटले, सरकारने १९९९ ला माफीचा कायदा आणला आणि डोंगर उतरला. उतरला म्हणजे संपला मात्र नाही. उरलेला एक गट दक्षिणेला सहारात सरकला, २००३ मधे त्यांनी ३२ युरोपियन पर्यटक पळवले, खंडणीचा पैसा मिळाला, २००७ ला याच गटाने अल कायदाची पाटी लावली. पाटी नवी, माणसं तीच. आणि हीच माणसं २०१२ ला शेजारच्या मालीत दिसतात.

मालीवर थोडा वेळ घेतो, कारण आजचा डोंगर तिथे आहे आणि आपल्याकडे त्याबद्दल कोणी बोलतच नाही. २०११ ला लिबियात गद्दाफी पडला, त्याच्या फौजेतले तुआरेग, म्हणजे सहारातल्या फिरत्या जमातीचे, सैनिक हत्यारं घेऊन घरी परतले, २०१२ ला उत्तर मालीत बंड झालं आणि ते बंड जिहादींनी बळकावलं. टिंबक्टूतल्या सूफी संतांच्या कबरी फोडल्या गेल्या. २०१३ च्या जानेवारीत फ्रेंच फौज आली, शहरं काही आठवड्यांत परत मिळाली, सगळ्यांना वाटलं झालं. पण मग हे लोण मधल्या मालीत उतरलं, तिथला मामला वेगळाच. तिथे फुलानी म्हणजे गुरं राखणारा, फिरता समाज, आणि शेजारी शेती करणारे. चराई कुठे, पाण्यावर हक्क कोणाचा, गुरं शेतात घुसली तर दंड किती आणि तो अधिकारी खिशात किती घालणार, ही भांडणं जुनीच. अमादू कूफा नावाचा एक उपदेशक याच लोकांना त्यांच्याच भाषेत सांगायला लागला की सरकार तुमचं नाही आणि तुमचे जमीनदारही तुमचे नाहीत. ऐकणाऱ्याला त्यात खिलाफत वगैरे नंतर दिसली, आधी चराईचा हिशोब दिसला. २०१७ ला त्याचा गट आणि इतर मिळून जेएनआयएम झाली, अल कायदाची शाखा म्हणून.

आता पुढे काय झालं, गावोगावी शेतकऱ्यांनी स्वतःची हत्यारबंद टोळकी काढली. २०१९ च्या मार्चमधे ओगोसागू गावात अशाच टोळक्याने दीडशेच्या वर फुलानी मारले असा आरोप आहे. २०२२ च्या मार्चमधे मूरा गावात मालीची फौज आणि सोबतच्या परदेशी लढवय्यांनी किमान ५०० लोक मारले असं संयुक्त राष्ट्रांचा रिपोर्ट सांगतो. अशा एका कारवाईनंतर गावातली किती पोरं कोणाकडे जातील, याला फार अक्कल लागत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या यूएनडीपी या विकास संस्थेने २०१७ मधे आफ्रिकेतल्या अशा संघटनांत गेलेल्या लोकांशी बोलून एक अभ्यास काढला होता, त्यात ७१ टक्के लोकांनी सांगितलं की शेवटी ढकललं ते सरकारच्या कारवाईने, घरातलं किंवा दोस्तांतलं कोणी मारलं किंवा उचललं म्हणून. बोको हरामचंही तेच, संस्थापक मोहम्मद युसुफ २००९ च्या जुलैमधे पोलिसांच्या ताब्यात असताना मारला गेला, त्याआधी संघटना किरकोळ नव्हती पण त्यानंतर जे झालं त्या तुलनेत काहीच नव्हती.

साहेल म्हणजे सहाराच्या खालचा, माली-बुर्किना वगैरेंचा पट्टा, त्याचा वाटा २००७ च्या सुमारास जगातल्या दहशतवादी मृत्यूंत १ टक्का होता, २०२४ मधे निम्म्याहून जास्त. आणि पद्धतही बदललीये, ट्रक-बॉम्ब कमी, मोटारसायकलींचे ताफे जास्त, आणि अख्ख्या गावाची नाकेबंदी. बुर्किना फासोतलं जिबो शहर २०२२ च्या फेब्रुवारीपासून वेढलेलं आहे, रस्ते बंद, धान्य येईल ते फौजेच्या बंदोबस्तात नाहीतर हेलिकॉप्टरने. याला आपण अजून दहशतवादी हल्ला म्हणून मोजतो, एक घटना, दोन घटना. खरं तर ते युद्ध आहे.

इराकचं जरा पटकन सांगतो कारण ते बऱ्यापैकी माहितीये. २००३ च्या आधी तिथे आत्मघाती हल्ले जवळपास नव्हतेच. अमेरिकेने येऊन मे २००३ ला लष्कर बरखास्त केलं, लाखो हत्यार चालवणारे लोक बेकार. दोन शिखरं आहेत तिथे, एक २००६-०७ चं आणि दुसरं २०१४ चं, आणि मजा, मजा म्हणू नये, पण बघण्यासारखा भाग आहे तो मधल्या दरीत. पश्चिम इराकच्या अनबार प्रांतातल्या सुन्नी टोळ्याच अल कायदाच्या विरोधात उठल्या, जवळपास एक लाख लोक पगारावर सरकारच्या बाजूने आले आणि हिंसा धाडकन खाली आली. मग त्यांना पोलिसात, नोकऱ्यांत सामावून घ्यायचं वचन होतं ते बगदादने अर्धवट सोडलं, निदर्शनं झाली, गोळीबार झाले, आणि २०१४ च्या जूनमधे मोसूल पडलं. तोच विचार, तीच माणसं, तोच मुलुख. फरक फक्त दिलेल्या आणि मोडलेल्या वचनाचा.

इथे मघाशी एकाने चिठ्ठी पाठवलीये, की मग युरोपचं काय, तिथे तर यादवी नव्हती. बरोबर आहे. माद्रिद २००४, लंडन २००५, पॅरिस २०१५ ला १३० माणसं, नीसला ८६. पण तिथले बहुतेक मोठे हल्ले दुसरीकडच्या युद्धाच्या सावलीत येतात, सीरिया-इराकला तीस-चाळीस हजार परदेशी लढायला गेले, त्यांचा काळ आणि युरोपातल्या २०१५-१६ च्या मोठ्या हल्ल्यांचा काळ एकच. २०१९ ला सीरियातलं बागूझ, आयसिसचं शेवटचं ठाणं, पडलं आणि युरोपचा आकडाही पडला, मग चाकू नाहीतर गाडी घेऊन एकटाच निघालेला माणूस एवढं उरलं. आणि बातम्यांचं बोलायचं तर ३ जुलै २०१६ ला बगदादच्या कर्रादा बाजारात, रमजानच्या शेवटच्या दिवसांत खरेदीला आलेले ३०० च्या वर लोक एका ट्रकने गेले. ट्रक फुटला तेव्हा दुकानांना आग लागली आणि लोक आत अडकले. सोशल मीडियावर इराकच्या झेंड्याचे प्रोफाईल फोटो लावलेले किती जण आठवतात?

उलटा देश म्हणजे इंडोनेशिया. जगात सगळ्यात जास्त मुसलमान तिथे, २००२ ला बालीत २०२ लोक मेले, सगळे म्हणाले आता हा देश जाणार. गेला नाही. त्यांनी लष्कराऐवजी पोलिसांचं खास पथक काढलं, डेन्सस ८८, पकडलेल्यांवर उघड खटले चालवले, तिघांना २००८ मधे फाशीची शिक्षा म्हणून गोळ्या घातल्या, आणि त्याचवेळी नासिर अब्बाससारखा, बालीचे स्फोट घडवणाऱ्या जेमा इस्लामियाचा मोठा कमांडर पोलिसांच्या बाजूने येऊन तुरुंगातल्या जुन्या साथीदारांशी वाद घालायला लागला. डेन्ससवरही माणसं गोळ्या घालून मारल्याचे आरोप आहेत, ते काही संत नाहीत. पण गावं बेचिराख केली नाहीत. २०२४ च्या जूनमधे जेमा इस्लामियाच्या म्होरक्यांनी संघटना विसर्जित केल्याचं जाहीर केलं.

पाकिस्तान मधेच कुठेतरी येतं. शेजारच्या देशांत वापरायच्या संघटना एका हाताने जपायच्या, २६/११ ला लष्कर-ए-तैयबाच्या दहा जणांनी मुंबईत १६६ लोक मारले त्या संघटनेसकट, आणि दुसऱ्या हाताने आपल्यावर उलटलेल्यांशी लढायचं. २००७ ला इस्लामाबादच्या लाल मशिदीतल्या कट्टरपंथीयांवर लष्कराची कारवाई झाली, त्याच डिसेंबरात टीटीपी म्हणजे पाकिस्तानी तालिबान उभी राहिली. २०१४ ला पेशावरच्या आर्मी स्कूलमधे १३० च्या वर मुलं मारली गेली, मग लष्कराने खरंच हात उचलला आणि पाच-सहा वर्षं आकडा घसरत गेला. २०२१ च्या ऑगस्टमधे काबूलमधे तालिबान आले तेव्हा इस्लामाबादेत काही जण खुश होते. तेव्हापासून टीटीपीचे हल्ले वर्षागणिक वाढतायत, आणि आता पाकिस्तान अफगाण हद्दीत बॉम्ब टाकतोय.

पुढचा डोंगर कुठे, तर माझी नजर आहे ती साहेलच्या खालच्या किनारी देशांवर. बेनिनच्या उत्तर टोकाला १७ एप्रिल २०२५ ला जेएनआयएमने एका दिवसात ५४ सैनिक मारले, त्या देशाने असं कधी बघितलं नव्हतं. त्याच पट्ट्यात आयव्हरी कोस्ट आहे, २०२० ला काफोलोच्या चौकीवर हल्ला झाला, डझनावर सैनिक गेले. त्यांनी फौज वाढवलीच पण उत्तरेकडच्या पोरांना काम, कर्ज, रस्ते यावरही पैसा ओतला, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत तिथले हल्ले जवळपास थांबले. निर्वासित मात्र बुर्किनातून येतच आहेत, हजारोंनी, त्यात फुलानी बरेच, आणि स्थानिक लोक आता त्यांच्याकडे संशयाने बघायला लागलेत.