चेंडूवर पडायचं होतं ना!

(डेट्रॉइट परिसरातल्या मराठी मंडळींसमोर एका हिवाळ्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. बाहेर एवढा बर्फ असूनही खुर्च्या भरल्यात. माझ्या विषयापेक्षा मागच्या टेबलावरच्या मिसळीचा वास लांबवर पोचलेला दिसतो. हरकत नाही, मी वेळेत आवरतो.

17 ऑक्टोबर 2015. शनिवार, नवरात्राचे दिवस. अॅन आर्बरच्या मिशिगन स्टेडियममध्ये त्या दिवशी अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याला 1,11,740 माणसं होती. मी त्यांत नव्हतो. मी नोव्हायला एका मित्राच्या तळघरात होतो. खाली आम्ही आणि बटाटेवडे, वर उपासवाल्यांची खिचडी आणि भोंडल्याला निघायची घाई. "झालं का तुमचं?" अशी जिन्यावरून दोनदा हाक येऊन गेली होती. ह्याच राज्यातली दोन विद्यापीठं समोरासमोर: आमचं मिशिगन 23, मिशिगन स्टेट 21. घड्याळात दहा सेकंद. आमच्यातल्या एकाने बूट चढवले होते, दुसऱ्याने टीव्ही बंद करायला रिमोट उचलला होता.

पंधरा-पंधरा वर्षं इथे काढून ज्यांनी हा खेळ कटाक्षाने टाळलाय, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. मिशिगनचा चौथा प्रयत्न होता आणि दोन यार्ड कमी पडत होते. अशा वेळी चेंडू लाथेने लांब मारून द्यायचा, त्याला पंट म्हणतात. पुढचा खेळाडू दोन पायांमधून चेंडू मागे फेकतो, तो स्नॅप. मागे पंधरा यार्डांवर उभा असलेला पंटर तो झेलतो आणि मारतो. चेंडू हवेत असतानाच वेळ संपत येते आणि लोक गाडीकडे निघतात.

त्या दिवशी स्नॅप जरा खालून आला. पंटर ब्लेक ओ'नीलच्या हातातून निसटला. त्याने वाकून उचलला आणि वळता वळता तसाच पायावर घ्यायला बघितला. तेवढ्यात माणसं अंगावर आली. चेंडू उडाला तो मिशिगन स्टेटच्या जेलन वॉट्स-जॅक्सनच्या हातात. तो 38 यार्ड पळाला आणि गोलरेषेपलीकडे जाऊन पडला तेव्हा घड्याळात शून्य होतं. सहा गुण. 27-23. ईएसपीएनवर समालोचक शॉन मॅकडोनो ओरडला होता, त्यातलं "ट्रबल विथ द स्नॅप" एवढं जरी इथल्या कुणापुढे म्हटलंत, तरी समोरच्याचा चेहरा पडतो. करून बघा. बॉससमोर नको.

आमच्या तळघरात तीन-चार सेकंद कुणी बोललं नाही. मग एक मित्र, जो गाड्यांच्या ब्रेकवर काम करतो, हातातला अर्धा वडा तसाच धरून म्हणाला, "अरे, चेंडूवर पडायचं होतं ना!"

आणि मी म्हणालो, "तेच ना!"

त्या "तेच ना"बद्दल मला आज बोलायचं आहे.

ह्याच मित्राने मला एकदा सांगितलं होतं, की इथे महामार्ग आखताना चालकाला अडथळा दिसून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत अडीच सेकंद धरतात. शांत डोक्याने, सीटवर बसून, स्टिअरिंग हातात असताना अडीच सेकंद. पंटचं सगळं काम, म्हणजे स्नॅप सुटल्यापासून पाय चेंडूला लागेपर्यंत, साधारण दोन सेकंदांत उरकतं. ओ'नीलचा त्यातला काही वेळ चेंडू उचलण्यातच गेला. म्हणजे ज्याला ब्रेक दाबायला आपण अडीच सेकंद देतो, त्याने सोफ्यावरून पाऊण सेकंदात निर्णय घेणाऱ्या पोराची परीक्षा घेतली. तीही स्लो मोशनमध्ये, चौथ्या रिप्लेनंतर.

बरं, पडला असता तर काय झालं असतं? हा हिशेब त्या संध्याकाळी आमच्यातल्या एकानेही केला नाही, आणि खोलीत सहा इंजिनिअर होते! खेळ तिथेच थांबला असता आणि चौथा प्रयत्न फसला म्हणून चेंडू मिशिगन स्टेटला मिळाला असता, जवळपास तिथेच, म्हणजे गोलरेषेपासून 38 यार्डांवर. काही सेकंद उरले असते. त्यांना दोनच गुण भरून काढायचे होते, म्हणजे एक फील्ड गोल पुरे, चेंडू लाथेने खांबांमधून मारला की तीन गुण. तिथून ती किक साधारण 55 यार्डांची होते. कॉलेजच्या पातळीवर एवढी लांब किक क्वचित बसते. तेव्हा पडणंच शहाणपणाचं होतं, ह्यात वाद नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की सुरक्षित वाट म्हणून आपण जिकडे बोट दाखवत होतो, तीही तितकी मोकळी नव्हती.

आता ज्या गोष्टीमुळे मला हे व्याख्यान द्यावंसं वाटलं ती सांगतो. ओ'नील ऑस्ट्रेलियाचा. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल खेळत वाढलेला. पळता पळता, वेडावाकडा चेंडूही पायावर घेऊन मारायची त्यांना सवय असते, म्हणून तर अमेरिकन कॉलेजं तिकडून पंटर आणतात. त्या खेळात एक नियम आहे. चेंडू अंगाखाली ओढून घेतलात आणि तो बाहेर काढायची धडपड केली नाहीत, तर पंच तुमच्याविरुद्ध फ्री किक देतो. म्हणजे चेंडूवर पडून राहणं हा तिथे गुन्हा. चेंडू जमिनीवर दिसला की उचल, वळ, मार. लहानपणापासून हेच. आता ते दृश्य पुन्हा डोळ्यांसमोर आणा. उचलला, वळला, मारायला गेला. हे अनुमान माझं आहे, त्याच्या तोंडी मी ते घालत नाही. पण मला तरी तो गोंधळलेला दिसत नाही. त्याचं शरीर त्याला येत असलेली भाषा बोलत होतं, फक्त देश चुकला होता. आणि जी सवय त्या दिवशी नडली, तिच्यासाठीच तर त्याला आणलं होतं. त्याच सामन्यात त्याने 80 यार्डांचा एक पंट मारला होता. तो कुणाच्या लक्षात आहे?

मला हे पटायचं कारण माझं स्वतःचं आहे. कॉलेजात मी कबड्डी खेळायचो, डाव्या कोपऱ्यावर. एका आंतरमहाविद्यालयीन सामन्यात आम्ही एका गुणाने पुढे होतो, शेवटची चढाई चालू होती. सगळे ओरडत होते, "जाऊ दे त्याला, जाऊ दे!" चढाईवाला रिकाम्या हाताने परतला असता तरी आम्ही जिंकत होतो. पाणी मारलेली तांबडी माती, त्यावर त्याच्या टाचेची खूण उमटलेली मला अजून दिसते. त्याचा पाय माझ्यासमोर हातभर अंतरावर आला आणि मी घोटा धरला. मदतीला दुसरा आला. तो गडी आम्हा दोघांना ओढत मध्यरेषेला बोटं लावून मोकळा झाला. दोन गुण. हरलो.

आमच्या सरांनी विचारलं, "हात का घातलास?" मी गप्प. मित्रांनी विचारलं, घरी काकांनी विचारलं, पुढे बायकोने एकदा सहज विचारलं. खरं उत्तर असं आहे, की मी हात घातला नाही, हात गेला. सहा वर्षं रोज संध्याकाळी मला एकच शिकवलं होतं, पाय दिसला की हात गेला पाहिजे. "जाऊ दे" हा सरावाचा भागच नव्हता. "का घातलास" ह्या प्रश्नात असं गृहीत धरलेलं असतं, की आत कुणीतरी बसलं होतं, त्याने दोन पर्याय तोलले आणि चुकीचा उचलला. आत कुणी बसलेलं नव्हतं हो!

मग विचारायचंच नाही का कुणाला? विचारायचं ना. पण ज्याच्याकडे वेळ होता त्याला. त्या पंटच्या वेळी मिशिगन स्टेटने चेंडू झेलायला मागे कुणालाच ठेवलं नव्हतं, सगळे चढाईला पुढे. ते मैदानात दिसत होतं. मग पंटरपुढची भिंत आणखी दाट का केली नाही? स्नॅप हुकला तर पडून राहायचं, हे परदेशातून आलेल्या पोराकडून किती वेळा करून घेतलं होतं? हे प्रश्न मैदानाबाहेर उभ्या असलेल्या प्रशिक्षकाचे. जिम हार्बॉचं ते मिशिगनमधलं पहिलं वर्ष आणि पगार पन्नास लाख डॉलरच्या घरात. विद्यार्थी खेळाडूंना तेव्हा शिष्यवृत्तीपलीकडे विद्यापीठाकडून पगार नसे. शिव्या मात्र ओ'नीलच्या वाट्याला जास्त आल्या. जीव दे, असं लिहिणारेही निघाले. शेवटी दुसऱ्या दिवशी विद्यापीठाचे हंगामी क्रीडासंचालक जिम हॅकेट ह्यांना जाहीर पत्र लिहून लोकांना आवरावं लागलं. हेच हॅकेट पुढे 2017 मध्ये फोर्डचे सीईओ झाले, म्हणजे इथे बसलेल्या कित्येकांच्या साहेबांचे साहेबांचे साहेब.

दोन आठवड्यांनी, 31 ऑक्टोबरला, हाच संघ मिनेसोटात होता. मिशिगन 29, मिनेसोटा 26. 19 सेकंद बाकी आणि मिनेसोटा गोलरेषेपासून अर्ध्या यार्डावर. स्नॅपच्या आधी खेळाडूंना इकडून तिकडे हलवण्यातच त्यांनी बहुतेक वेळ घालवला, मग एक पास वाया गेला. उरले दोन सेकंद. छोटी किक मारून बरोबरी साधता आली असती. त्यांच्या प्रशिक्षकाने, ट्रेसी क्लेज ह्यांनी, टाइमआउट असताना, विचार करून, जिंकायलाच जायचं ठरवलं. क्वार्टरबॅक, म्हणजे स्नॅप घेऊन चाल खेळवणारा खेळाडू, पुढे घुसला आणि भिंतीत अडकला. मिशिगन जिंकलं. आमच्या तळघरात कुणी म्हणालं नाही, की आपण केवळ त्यांच्या वेंधळेपणामुळे वाचलो. "काय डिफेन्स आहे!" असंच म्हणालो. आणि तो क्वार्टरबॅक अर्धा यार्ड पुढे सरकला असता, तर क्लेज मिनेसोटात वाघाच्या काळजाचा माणूस ठरला असता.

आपल्याला हे नवं नाही. 14 जानेवारी 1761 पासून आपण भाऊसाहेबांना हत्तीवरून खाली उतरू देत नाही आहोत. विश्वासराव पडल्यावर भाऊ घोड्यावर बसले, रिकामी अंबारी बघून फौजेचा धीर सुटला, असं आपण शाळेत ऐकलं. तेव्हापासून दरवर्षी संक्रांतीला कुणीतरी तिळगूळ चघळत म्हणतोच, "उतरायला नको होतं." माझे काका म्हणायचे. ह्याच काकांनी मला कबड्डीबद्दल विचारलं होतं. दाण्यांची फोलपाटं फुंकताना विचारलं होतं, हेही आठवतं.

परवा इथे एका मैत्रिणीने मला विचारलं, ओ'नीलचं सोड, वॉट्स-जॅक्सनचं काय? मी म्हटलं, त्याचं काय, तो तर जिंकला. घरी जाऊन तो तुकडा परत पाहिला. चेंडू त्याच्या हातात आला तेव्हा घड्याळात काही सेकंद होते. त्याच्या संघाला फक्त फील्ड गोल हवा होता. थोडं पुढे जाऊन, वेळ शिल्लक असताना बाहेर पडावं आणि किक मारणाऱ्याला बोलवावं, हे सोफ्यावरचं शहाणपण. तो पळतच राहिला. दोन यार्ड आधी कुणी मैदानातच पाडलं असतं, तर वेळ संपून मिशिगन जिंकलं असतं आणि "बाहेर पडायचं होतं ना!" हे वाक्य ईस्ट लान्सिंगच्या, म्हणजे मिशिगन स्टेटच्या गावच्या, तळघरांतून ऐकू आलं असतं. तो रेषेपलीकडे पोचला तो मिशिगनच्या खेळाडूसकट आदळूनच. त्याचा खुबा निखळला आणि मोडला. वर त्याचे सोबती आनंदाने उड्या मारत होते आणि खाली तो उठू शकत नव्हता. त्याचा मोसम तिथेच संपला.

मी माझ्या ब्रेकवाल्या मित्राला फोन करून हे सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "पण पडायला हवं होतं रे त्याने." मी विचारलं, "कुणी? ह्याने की त्याने?"

"थांब," तो म्हणाला, "मी जरा परत बघतो."