पाठातली चूक पकडणारा पाठ

वेद हजारो वर्षं तोंडी टिकले, हे आपण इतक्यांदा ऐकतो की कसे टिकले, हे विचारायचं राहूनच जातं. विचारलंच कोणी, तर उत्तर ठरलेलं असतं: तेव्हाच्या लोकांची स्मरणशक्ती अचाट होती. मला हे उत्तर पटत नाही. स्मरणशक्ती दगा देते. तेव्हाही देत असणार. पाठ टिकला, कारण चूक होणार हे गृहीत धरून ती पकडण्याची सोय पाठातच केलेली होती. आज ती सोय उलगडून पाहू. मुख्यतः ऋग्वेदाच्या आधारे बोलेन, कारण महाराष्ट्रात त्याची परंपरा अजून चांगली हयात आहे.

आधी आवाका लक्षात घ्या. शाकल शाखेच्या (शाखा म्हणजे वेदाची एक पाठपरंपरा) ऋग्वेदात १० मंडलं आणि वालखिल्य ही पुरवणी सूक्तं धरून १,०२८ सूक्तं आहेत. पाठशाळेतली विभागणी वेगळी: ८ अष्टकं, प्रत्येक अष्टकाचे ८ अध्याय, म्हणजे ६४ अध्याय. मंडलांची विभागणी मुख्यतः ऋषींच्या कुळांवर आहे, तर अष्टकांची साधारण सारख्या लांबीवर. म्हणून शिकवायला अष्टकंच सोयीची. शिवाय अनुक्रमणी नावाचे ग्रंथ आहेत. कात्यायनाच्या सर्वानुक्रमणीत प्रत्येक सूक्ताची सुरुवात, ऋचांची संख्या, ऋषी, देवता आणि छंद दिले आहेत. शौनकाच्या परंपरेत तर पदांचीही, म्हणजे शब्दांचीही, मोजदाद आहे: १,५३,८२६. एखादी ऋचा गळली किंवा जास्तीची घुसली, तर हिशेब जुळत नाही. ही झाली सर्वांत बाहेरची तपासणी.

आता संथा, म्हणजे गुरूंकडून तोंडी पाठ घेणं. गुरू एक चरण एकदा म्हणतात, शिष्य तो दोनदा म्हणतात. सगळे चरण झाले की अर्धी ऋचा, मग पूर्ण ऋचा, याच पद्धतीनं. समोर पोथी नसते. लक्ष गुरूंच्या तोंडाकडे आणि आवाजाकडे असतं. नवी संथा घेण्याआधी कालची म्हणून दाखवायची. अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या आणि प्रतिपदा हे अनध्याय. त्या दिवशी नवं शिकवत नाहीत, त्यामुळे दर पंधरवड्याला नव्याचा ओघ थांबतो. माझ्या मते या विरामामुळे झालेलं पक्कं व्हायला अवसर मिळतो.

शिक्षा म्हणजे उच्चाराच्या शास्त्राचे ग्रंथ. त्या परंपरेत गतीचा एक नियम आहे: अभ्यासासाठी, म्हणजे आवृत्तीसाठी, द्रुत, प्रयोगासाठी, म्हणजे प्रत्यक्ष कार्यात, मध्यम, आणि शिष्यांना शिकवताना विलंबित. आज नेमकं उलटं होतं. शिकताना रेंगाळत म्हणतात आणि कार्यात घाई करतात. आवृत्ती द्रुत गतीनं का करायची? कारण वेग वाढला की कच्ची जागा लगेच उघडी पडते. संथ म्हणताना विचार करायला वेळ मिळतो आणि कच्चेपणा झाकला जातो.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. मध्येच चुकलात तर तेवढा शब्द दुरुस्त करून पुढे जाऊ नका. मागच्या अवसानापासून, म्हणजे अर्ध्या ऋचेच्या विरामापासून, पुन्हा म्हणा. नाहीतर चूक आणि तिची दुरुस्ती दोन्ही मिळून पाठ होतात, आणि पुढच्या वेळी जीभ त्याच जागी अडखळते.

आता पाठांकडे येऊ. संहितापाठात शब्द संधीनं जोडलेले असतात. पहिल्या मंडलातल्या दुसऱ्या सूक्ताची सुरुवात पाहा: ‘वायवा याहि दर्शतेमे सोमा अरंकृताः’. ‘दर्शतेमे’ हे नुसतं ऐकून ‘दर्शते मे’ असं तोडता येईल, ‘दर्शत इमे’ असंही. शाकल्याच्या पदपाठानं, म्हणजे प्रत्येक पद सुटं करून म्हणायच्या पाठानं, याचा निकाल लावून ठेवला आहे: ‘वायो इति। आ। याहि। दर्शत। इमे।’ यातला ‘इति’ संहितेतला नाही. ज्या ओकाराला पदपाठ प्रगृह्य, म्हणजे पुढच्या स्वराशी संधी न होणारा, मानतो, त्याच्यापुढे तो खूण म्हणून येतो. समास असेल तर मध्ये अवग्रह, म्हणजे ‘ऽ’ ही खूण, येतो: ‘पुरःऽहितम्’. म्हणताना तिथे क्षणभर थांबायचं. पदपाठ म्हणजे तोंडी स्वरूपातलं व्याकरणाचं पृथक्करणच आहे.

पण पदपाठात एक उणीव राहते. पदं सुटी झाली की त्यांचा क्रम आणि त्यांच्यामधला संधी निसटू शकतो. म्हणून क्रमपाठ: पहिलं-दुसरं, दुसरं-तिसरं, तिसरं-चौथं. ‘अग्निमीळे। ईळे पुरोहितम्। पुरोहितं यज्ञस्य।’ प्रत्येक पद एकदा मागच्याशी आणि एकदा पुढच्याशी जोडलं जातं, त्यामुळे मधलं पद गाळताच येत नाही.

क्रमावर उभ्या असलेल्या आठ विकृती, म्हणजे पदं उलटसुलट फिरवून म्हणायचे प्रकार, अशा: जटा, माला, शिखा, रेखा, ध्वज, दंड, रथ आणि घन. प्रत्यक्षात जास्त चालतात त्या जटा आणि घन. जटेत १-२, २-१, १-२ असा क्रम असतो. घनात: १-२, २-१, १-२-३, ३-२-१, १-२-३. सगळ्यांना पाठ असलेल्या गायत्रीवर पाहू. जटा: ‘तत्सवितुः सवितुस्तत् तत्सवितुः’. घन: ‘तत्सवितुः सवितुस्तत् तत्सवितुर्वरेण्यं वरेण्यं सवितुस्तत् तत्सवितुर्वरेण्यम्’. मग ‘सवितुः’पासून पुढचा घन सुरू होतो. मोजून पाहा: मधलं कुठलंही पद तीन घनांत मिळून १३ वेळा येतं. त्यात एकदा जरी ते वेगळं उच्चारलं गेलं, तर बाकीच्या बारांशी त्याची विसंगती ऐकू येते.

उलट क्रमाचं महत्त्व मात्र आवृत्तींच्या संख्येहून मोठं आहे. ‘सवितुस्तत्’ला अर्थ नाही. आपण पाठ म्हणताना चुकतो तेव्हा बहुधा अर्थाच्या ओढीनं चुकतो. अनोळखी रूपाच्या जागी ओळखीचं रूप नकळत बसवतो. उलट क्रमात अर्थाचा धागाच तुटलेला असतो, त्यामुळे अंदाजानं जागा भरता येत नाही. आणि उलट पदांचा संधी गुरूंच्या तोंडून ऐकलेल्या संहितेत कुठेच नसतो, तो नियमानं करावा लागतो. ‘अग्निमीळे’ची जटा ‘अग्निमीळ ईळेऽग्निमग्निमीळे’ अशी होते. संधीबरोबर स्वरही फिरतात. (उदात्त, अनुदात्त आणि स्वरित हे तीन स्वर; त्यांच्याविषयी पुढे बोलूच.) सरळ क्रमात ‘ग्नि’ उदात्त, म्हणून पुढचा ‘मी’ स्वरित. उलट क्रमात ‘ळे’ अनुदात्त होतो, कारण आता ‘ग्नि’ त्याच्यापुढे आला. ज्याला हे चालू पाठात, न अडखळता जमतं, तो घनपाठी. ‘नुसती घोकंपट्टी’ असं याला म्हणणाऱ्यांनी एका ऋचेची जटा स्वरांसह करून पाहावी.

परंपरा किती काटेकोर होती याचा माझ्या दृष्टीनं सर्वांत मोठा पुरावा गायत्रीतच आहे. गायत्री छंदाच्या चरणात ८ अक्षरं हवीत. ‘तत्सवितुर्वरेण्यम्’ची मोजलीत तर ७ भरतात. ‘वरेणियम्’ केलं की ८ होतात. हे जुन्यांना ठाऊक होतं. पिंगलाच्या छंदसूत्रांत अशा ठिकाणी ‘इय्’ वगैरेंनी अक्षरसंख्या पुरी करावी असं सूत्रच आहे. तरीही संहितापाठ बदलला नाही. मोजणी मोजणीच्या जागी ठेवली आणि उच्चार ऐकला तसाच पुढे दिला.

स्वरांविषयी थोडं नेमकं बोलायला हवं. ऋग्वेदाच्या छापील पोथीत अनुदात्ताखाली आडवी रेघ आणि स्वरितावर उभी रेघ असते. उदात्ताला खूणच नसते. नवा माणूस इथे दोनदा फसतो. ‘उदात्त’ म्हणजे उंच, असं समजून तो उदात्त चढवतो. प्रत्यक्ष पठणात मात्र अनुदात्त खाली, उदात्त मध्ये आणि स्वरित वर लागतो. दुसरं म्हणजे, खूण नसलेलं प्रत्येक अक्षर उदात्त नसतं. ‘अग्निमीळे’त ‘ग्नि’ आणि ‘ळे’ दोन्हींवर खूण नाही, पण ‘ग्नि’ उदात्त आहे आणि ‘ळे’ स्वरितानंतरचा प्रचय, म्हणजे खूण न केलेला अनुदात्त. स्वरानं अर्थही बदलतो: ‘क्षय’ आद्युदात्त (पहिलं अक्षर उदात्त) असेल तर निवास, अंतोदात्त (शेवटचं अक्षर उदात्त) असेल तर नाश. कुठे कुठे अक्षराजवळ १ किंवा ३ हा आकडा दिसतो, जसा ‘अप्स्व१न्तः’मध्ये. तो ऋचेचा क्रमांक नाही, तिथे कंप, म्हणजे स्वराचं थरथरणं, आहे. नासदीय सूक्तातल्या ‘आसी३त्’मधला ३ मात्र प्लुताचा, म्हणजे तीन मात्रांचा. या दोन खुणा पुस्तकावरून वेगळ्या ओळखणं अवघड आहे. शिक्षाग्रंथानं ‘लिखितपाठक’, म्हणजे पोथीत पाहून म्हणणारा, अधम पाठकांत धरला, तो का, हे अशा जागी कळतं.

मराठी तोंडाचे काही दोष ठरलेले आहेत, ते सांगतो. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार आपण दीर्घ करतो: ‘तत्त्वमसि’चं ‘तत्त्वमसी’, ‘वच्मि’चं ‘वच्मी’. शेवटचा अकार गिळतो: ‘त्वमेव’चं ‘त्वमेव्’. ‘ऋतम्’चं ‘रुतम्’ करतो. ‘चोर’, ‘झाड’ यांतला दंत्य च-झ संस्कृतात नाही. ‘चंद्र’, ‘जीव’ यांतला तालव्यच हवा. रुद्रपाठातल्या चमकात ‘च मे, च मे’ म्हणताना आपला ‘मीच’, ‘तोच’मधला च हटकून येतो, आणि चमकात तर च पावलोपावली आहे. विसर्गाचं ‘नमहा’ असं पूर्ण अक्षर करू नये. आधीच्या स्वराचा हलका श्वास तेवढा सुटावा. मात्र ‘ईळे’तला ळ आपल्याला आयताच येतो, हा मराठी माणसाचा लाभ.

ध्रुपदाच्या, म्हणजे ऋचांच्या शेवटी फिरून फिरून येणाऱ्या ओळीच्या, जागाही फसव्या. दुसऱ्या मंडलातलं ‘स जनास इन्द्रः’ हे सूक्त, किंवा ‘कस्मै देवाय हविषा विधेम’. शेवट सारखा असल्यानं जीभ एका ऋचेवरून भलत्याच ऋचेत उडी मारते. उपाय एकच: ऋचांची प्रतीकं, म्हणजे पहिले दोन-तीन शब्द, ओळीनं वेगळे पाठ करायचे. शेवटावरून पुढची ऋचा आठवायला जाऊ नका, प्रतीकावरून आठवा.

शेवटी शाखेबद्दल. महाभाष्यकार पतंजलीनं ऋग्वेदाच्या २१, यजुर्वेदाच्या १०१, सामवेदाच्या १,००० आणि अथर्ववेदाच्या ९ शाखा सांगितल्या. आज तोंडी चालू असलेल्या फार थोड्या उरल्या आहेत. युनेस्कोनं २००३ मध्ये वेदपठणाची दखल घेतली आणि २००८ मध्ये ते वारशाच्या यादीत आलं, पण शाखा जगते ती संथा देणारा आणि घेणारा असेल तरच. सध्या मोठं नुकसान करतो तो शाखांचा संकर. पुरुषसूक्तच घ्या. ऋग्वेदात त्याच्या १६ ऋचा आहेत. तिथे ‘स भूमिं विश्वतो वृत्वा’ आहे, तर यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेत ‘सर्वत स्पृत्वा’. माध्यंदिनांत बऱ्याच ठिकाणी ष चा ख आणि शब्दारंभीच्या य चा ज होतो, श-ष-स-ह-र यांच्याआधीच्या अनुस्वाराचा उच्चार वेगळा होतो, आणि स्वर हातानं दाखवतात. हे त्या शाखेत शुद्धच आहे. तेच ऋग्वेदी पाठात मिसळलं की ते कुठल्याच शाखेचं राहत नाही. मोबाईलवर एका शाखेचं ध्वनिमुद्रण ऐकायचं आणि हातात दुसऱ्या शाखेची पोथी धरायची, यातून हा संकर होतो. ध्वनिमुद्रण वापरायचं असेल तर आधी शाखा तपासा. पहिल्या ऋचेत ‘वृत्वा’ आहे की ‘स्पृत्वा’, एवढं ऐकलं तरी ऋग्वेदी की माध्यंदिन, ते कळतं. आणि ते वापरायचं संथा घेतल्यानंतर, उजळणीला. कारण ध्वनिमुद्रण तुम्हाला ऐकवतं, पण तुमचा ‘तत्त्वमसी’ ऐकून तुम्हाला थांबवत नाही.