शर्करेच्या लेकी आणि इंग्रजीचा पायबंद

श्रोतेहो, नमस्कार. लातूर, नांदेडच्या अभ्यासिकांत मुलं इंग्रजी शब्दांच्या याद्या घोकतात. रोज पन्नास शब्द. आठवड्यानं हाती पाच. यादीतल्या शब्दाला ना गाव ना गोत, मग तो टिकणार कशाच्या आधारानं?

आता आपली साखर घ्या. संस्कृतात शर्करा म्हणजे आधी खडे, रेती. मग उसाच्या रसाचे तसलेच दाणे. ती फारसीत गेली, शकर झाली. आपल्याकडं दख्खनी बोलणारे शक्कर म्हणतात, तीच. अरबीत सुक्कर, पुढं फ्रेंचातून इंग्रजीत शुगर. पोर्तुगीजांनी हाच शब्द मलबार किनाऱ्यावरून उचलला, तो इंग्रजीत जॅगरी झाला. म्हणजे कारखान्यातली शुगर आणि गुऱ्हाळातली जॅगरी एकाच माउलीच्या लेकी! बरं, गुळाचा चहा हल्ली हायवेवर फार मिरवतो. निम्म्या ठिकाणी गूळ कमी आणि पाटी मोठी. असो.

तिसरी वाट ग्रीकांची. तिथं साक्खरॉन. 1879 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कॉन्स्टंटिन फाहलबर्ग हा रसायनतज्ज्ञ डांबरातून निघणाऱ्या रसायनांवर काम करत होता. गडी संध्याकाळी हात न धुताच जेवायला बसला. पाव गोड लागला. बोट चाखलं, तेही गोड. ताटावरून उठला, प्रयोगशाळा गाठली आणि दिवसभराची भांडी चाखत सुटला! नशीब थोर, म्हणून वाचला. त्या पदार्थाचं नाव सॅकरिन. स्पेलिंगच्या शेवटी आणखी एक ई आला की ते विशेषण: नको इतकं गोड. आपल्या भाषेत गुळचट. गुळचट हसू, गुळचट स्तुती, गुळचट सिनेमा.

आता वही. एक पान, एक मूळ. वर मूळ, त्याचा अर्थ आणि आपल्या भाषेतला नातलग. खाली चारच शब्द, प्रत्येकाचा मराठी अर्थ आणि एक वाक्य. उदाहरणार्थ लॅटिन पेड, म्हणजे पाय. आपला पाद त्याच गोतातला. इम्पीड म्हणजे पायबंद घालणं. एक्स्पीडाइट म्हणजे पायबंद सोडणं, अडलेलं काम झटपट मार्गी लावणं. पेडेस्ट्रियन म्हणजे पायी चालणारा. लिखाणाबद्दल म्हटलं तर रटाळ.

पण पीडियाट्रिशियन, मुलांचा डॉक्टर, या पानावर नको! त्यातला पेड ग्रीक, अर्थ मूल. रूप सारखं, गोत वेगळं. म्हणून अंदाजानं सोयरीक जुळवू नका. मोठ्या शब्दकोशात शब्दाचं मूळ दिलेलं असतं; ते पाहूनच शब्द पानावर घ्या. पुन्हा सांगतो: एक पान, एक मूळ, चारच शब्द.

उजळणी दुसऱ्या दिवशी, मग आठव्या. तेव्हा मराठी बाजू झाकू नका, इंग्रजी झाका. गुळचट वाचून सॅकरिन आठवला, तरच तो बोलताना तोंडात येईल. नमस्कार.