वर्गमैत्रिणीला काय विचारावे : अमेरिकी बालपणाच्या मुलाखतीविषयी

मित्रहो, आणि विशेषतः या सत्रात पहिल्यांदाच अमेरिकी वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यांनो,

येथील महाविद्यालयांत मानवशास्त्राच्या, संवादशास्त्राच्या आणि कधी कधी पहिल्या वर्षाच्या निबंधलेखनाच्या वर्गातही एक गृहपाठ पुष्कळदा दिला जातो. आपल्यापेक्षा वेगळ्या वातावरणात वाढलेल्या एखाद्या वर्गमित्राची तासभर मुलाखत घ्यायची आणि त्याचे बालपण, घरचे वळण, रोजचे जगणे यांविषयी चार-पाच पाने लिहायची. मी हा गृहपाठ बरीच वर्षे देत आलो आहे आणि भारतातून आलेल्या विद्यार्थ्यांनी लिहिलेली पाने मोठ्या आस्थेने वाचत आलो आहे. त्यांतील कित्येक उत्तम उतरतात. जी फसतात, त्यांचे कारण बहुतेक वेळा प्रश्नांतच सापडते. म्हणून आज मी मुख्यतः प्रश्नांविषयी बोलणार आहे.

‘अमेरिकी संस्कृती म्हणजे काय?’ असे थेट विचारले, की समोरचा विद्यार्थी गोंधळतो. आमच्याकडे तसे विशेष काही नाही, आम्ही साधे लोक, असे तो म्हणतो, किंवा मग व्यक्तिस्वातंत्र्य, मेहनत, फुटबॉल अशी पाठ्यपुस्तकात शोभणारी उत्तरे देतो. यात त्याचा दोष नाही. ज्या गोष्टी माणूस रोज करतो त्या त्याला सांगण्याजोग्या वाटत नाहीत, आणि आपल्याला तर नेमक्या त्याच हव्या असतात. मिनेसोटातील मॅकॅलेस्टर महाविद्यालयात शिकवणारे मानवशास्त्रज्ञ जेम्स स्प्रॅडली यांनी १९७९ मध्ये मुलाखतीच्या पद्धतीची जी मांडणी केली, तिच्यात यावर उपाय आहे. समोरच्याला मत विचारण्याआधी वर्णन करायला सांगावे. त्याने आपल्याला त्याच्या जगातून हिंडवून आणावे, आणि आपण वाटेत दिसेल त्याविषयी विचारत राहावे.

तेव्हा चौथीत असतानाची एखादी मंगळवारची सकाळ विचारा. कोण उठवायचे, न्याहारी कोण करायचे, पिवळ्या बसच्या थांब्यापर्यंत सोबत कोणी यायचे का, दुपारी डब्यात काय असायचे की शाळेतच जेवायचे, हे विचारा. हे प्रश्न किरकोळ वाटतात, पण त्यांतून बरेच काही उलगडते. येथे शाळेतल्या जेवणाची देशव्यापी योजना १९४६ च्या कायद्याने सुरू झाली आणि कुटुंबाच्या उत्पन्नानुसार ते जेवण काही मुलांना मोफत, काहींना सवलतीत, तर काहींना पूर्ण दराने मिळत आले आहे. रांगेत उभ्या असलेल्या मुलाला आपण यांपैकी कोणत्या गटात आहोत हे ठाऊक असते. वडिलांचा पगार विचारणे येथे असभ्य ठरते. जेवणाच्या आठवणीतून मात्र घरच्या परिस्थितीविषयी जेवढे सांगावेसे वाटेल तेवढे तो स्वतःहून सांगतो. सणांविषयी विचारायचे तर तेही असेच विचारावे. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या थँक्सगिव्हिंगला टर्की असते, हे कोणीही सांगेल. मुलांचे टेबल वेगळे मांडायचे का, त्यावरून उठून मोठ्यांच्या टेबलावर बसायला कोणत्या वयात मिळाले, आणि जेवणानंतर भांडी कोणी घासली, हे विचारले तर कुटुंब दिसू लागते.

आता एका मुलाखतीविषयी थोडे सविस्तर सांगतो. जालना जिल्ह्यातून आलेल्या माझ्या एका विद्यार्थिनीने आयोवा राज्यातील एका लहान गावात वाढलेल्या वर्गमैत्रिणीशी संवाद केला होता. तिने विचारले, ‘तू पहिले पैसे कशाचे कमावलेस?’ मैत्रिणीने सहज उत्तर दिले की चौदाव्या वर्षी, मक्याचे तुरे खुडण्याचे. एखाद्या शहरी विद्यार्थ्याने हे उत्तर टिपून पुढचा प्रश्न घेतला असता. जालना हे बियाणे उद्योगाचे मोठे केंद्र, आणि या मुलीने घराशेजारच्या बीजोत्पादनाच्या प्लॉटवर मजूर बायकांना वाकून काम करताना लहानपणापासून पाहिलेले होते. त्यामुळे ती तेथेच थांबली आणि अर्धा तास त्याच एका कामाविषयी विचारत राहिली.

काम असे असते. संकरित मक्याचे बियाणे तयार करताना मादी ओळींतील तुरे, परागकण सुटण्याआधीच काढून टाकावे लागतात, म्हणजे त्या ओळींवर शेजारच्या नर ओळींचेच पराग पडतात. बरेचसे तुरे यंत्राने निघतात, पण उरलेल्यांसाठी माणसाचा हात लागतो, आणि आयोवा, नेब्रास्का, इलिनॉय या राज्यांत जुलैमधले हे काम कित्येक पिढ्या शाळकरी मुलांनी केले आहे. पहाटे बस गावातून मुलांना गोळा करते. दवाने भिजलेल्या पानांतून चालताना कपडे ओलेचिंब होऊ नयेत म्हणून मुले कचऱ्याच्या मोठ्या प्लॅस्टिक पिशवीला डोके आणि हात जाण्यापुरती भोके पाडून ती अंगात घालतात. पानांच्या कडांनी हात कापू नयेत म्हणून लांब बाह्या घालाव्या लागतात, आणि दुपारी त्याच बाह्यांत जीव उकडून निघतो. या मैत्रिणीला पहिला पगाराचा चेक मिळाला तेव्हा त्यातून सामाजिक सुरक्षेसाठी ६.२ टक्के आणि वृद्धांच्या आरोग्यविम्यासाठी १.४५ टक्के रक्कम आधीच वळती झालेली होती. हे पैसे कुठे गेले, असे तिने घरी विचारले आणि त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर वडिलांनी तिला करपद्धती समजावून सांगितली.

जालन्याच्या मुलीने मग विचारले, ‘तुझ्या ओळीत आणखी कोण कोण असायचे?’ डॉक्टरांचा मुलगा, शाळेतल्या बाईंची मुलगी, शेतकऱ्यांची मुले, मांस प्रक्रियेच्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या बाईंचा मुलगा, अशी सगळी एकाच बसमधली. येथे बहुतेक विद्यार्थी समाधानाने वही मिटतात आणि ‘अमेरिकेत कोणतेही काम हलके मानत नाहीत’ असे वाक्य लिहून मोकळे होतात. या मुलीने आणखी एक प्रश्न विचारला, आणि तोच मला त्या संपूर्ण मुलाखतीचा कळस वाटतो : ‘त्या शेतात तुमच्याशिवाय दुसरे कोणी काम करत होते का?’ मैत्रीण क्षणभर थांबली. होते, ती म्हणाली. टेक्सासहून आलेल्या स्पॅनिश बोलणाऱ्या मजुरांची एक टोळी शेताच्या दुसऱ्या बाजूला असायची. मोसमापुरती येणारी ती माणसे एका मोटेलात राहत, त्यांच्याबरोबर त्यांची मोठी मुलेही असत, आणि शाळेच्या बसमधल्या कोणाचीही त्यांच्याशी कधी ओळख झाली नाही. म्हणजे एकाच शेतात तेच काम एका मुलासाठी जबाबदारीचा धडा होते आणि दुसऱ्यासाठी कुटुंबाची मिळकत. १९३८ च्या संघीय श्रमकायद्याने बिगरशेती कामांसाठी साधारणपणे १४ वर्षांची किमान मर्यादा घातली, शेतीला मात्र सवलती ठेवल्या. त्या सवलतींची सर्वांत मोठी झळ कोणाला पोहोचते, हा प्रश्न त्या दोघींनी मग मिळूनच विचारात घेतला. स्वतःच्या गावातल्या प्लॉटवर कोण राबते हे या मुलीने डोळे उघडे ठेवून पाहिले होते, म्हणूनच तिला हा प्रश्न सुचला. आपली घडण ही मुलाखतकाराची अडचण नसून त्याचे भांडवल आहे, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो ते याच अनुभवावरून.

येथे बसलेल्या पालकांच्या मनात एक समज फार खोलवर रुजलेला असतो, त्याविषयी बोलणे आवश्यक आहे. अमेरिकी लोक मुलाला अठरा वर्षे झाली की घराबाहेर काढतात, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. त्या दृष्टीने वर्गमित्राला विचारून पाहा की तो ‘मोठा’ नेमका केव्हा झाला, आणि उत्तर किती विस्कळीत येते ते पाहा. आयोवात चौदाव्या वर्षी गाडी शिकण्याचा परवाना मिळतो, कारण तेथे अंतरे मोठी आणि सार्वजनिक वाहने थोडी; दाट वस्तीच्या न्यू जर्सीत एकट्याने गाडी चालवायला सतराव्या वर्षापर्यंत थांबावे लागते. मतदानाचा हक्क १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीपासून अठराव्या वर्षी मिळतो. दारू विकत घेण्यासाठी मात्र २१ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. संघीय सरकारने १९८४ मध्ये महामार्गांच्या निधीशी ही अट जोडली आणि राज्यांनी ती स्वीकारली. १९७४ च्या शैक्षणिक गोपनीयता कायद्यानुसार मूल महाविद्यालयात गेले की गुणपत्रिकेवरचा हक्क पालकांकडून त्याच्याकडे जातो, आणि काही अपवाद सोडल्यास त्याच्या संमतीवाचून महाविद्यालय आईवडिलांना गुण सांगत नाही. मराठी पालकांना हे ऐकून धक्काच बसतो. पण त्याच मुलाने शिक्षणासाठी संघीय आर्थिक मदत मागितली, तर पदवीच्या अविवाहित विद्यार्थ्याच्या बाबतीत साधारणपणे चोविसाव्या वर्षापर्यंत आईवडिलांचे उत्पन्नच मोजले जाते, आणि २०१० च्या आरोग्यविमा कायद्याने त्याला २६ वर्षांपर्यंत त्यांच्या विम्यावर राहता येते. घराबाहेर काढण्याविषयी म्हणाल, तर प्यू संशोधन केंद्राच्या विश्लेषणानुसार २०२० च्या जुलैमध्ये, साथीच्या काळात, १८ ते २९ वयोगटातील ५२ टक्के तरुण आईवडिलांपैकी किमान एकाबरोबर राहत होते.

याचा अर्थ स्वावलंबनाचा आग्रह येथे खोटा आहे असा नाही. तो खरा आहे. अंथरूण आवरणे, कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला नेऊन ठेवणे, दुकानदाराशी स्वतः बोलणे अशा कामांतून तो फार लहानपणी सुरू होतो. मात्र तो अठराव्या वाढदिवशी एका फटक्यात लादला जात नाही, आणि त्याला कायद्याची, पैशाची, अंतरांची कारणे असतात. वर्गमित्र सवय सांगेल, तिचे कारण त्याला ठाऊक असेलच असे नाही. ते शोधून काढणे हे लिहिणाऱ्याचे काम आहे.

मुलाखतीआधी संमती घ्यावी, हे वेगळे सांगायला नको. ध्वनिमुद्रण करणार असाल तर अधिक जपा, कारण कॅलिफोर्निया आणि पेनसिल्व्हेनियासारख्या काही राज्यांत खासगी संभाषण मुद्रित करण्यास सर्व संबंधितांची परवानगी कायद्यानेच लागते. नाव बदलावे, गाव मोघम ठेवावे, आणि लिहिलेली पाने जमा करण्याआधी मित्राला वाचायला द्यावीत.

काही आठवणी अनपेक्षितपणे समोर येतात. शाळेतल्या सरावांविषयी विचारले तर आजचा विशीतला अमेरिकी तरुण सांगेल की बालवाडीपासून वर्षातून काही वेळा दिवे मालवून, दाराला कडी लावून, वर्गाच्या कोपऱ्यात आवाज न करता बसण्याचा सराव ते करत आले. १९९९ मध्ये कोलोरॅडोतील कोलंबाइन शाळेत गोळीबार झाल्यानंतर हे सराव देशभर पसरले. बरेच जण हे अगदी सपाट स्वरात सांगतात. अशा वेळी लगेच ‘भयंकर!’ असे उद्गारू नये आणि पुढच्या प्रश्नाकडे धावूही नये. थोडे थांबावे. त्या वेळी शिक्षिका काय म्हणायच्या, घरी गेल्यावर याविषयी कोणी बोलायचे का, एवढेच हळूच विचारावे, आणि त्याला बोलायचे नसेल तर तो विषय तेथेच सोडावा.

एक वर्गमित्र म्हणजे अमेरिका नव्हे, हे तर सतत ध्यानात ठेवावे लागते. डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय कुटुंबात मुलाला गाडीची किल्ली देताना पोलिसांनी थांबवले तर हात कोठे ठेवायचे हे आधी शिकवले जाते. मिनेसोटातल्या एखाद्या गोऱ्या कुटुंबात हा विषय बहुधा निघतही नाही. पेनसिल्व्हेनियातील आमिश या पारंपरिक ख्रिस्ती पंथाची मुले आठवीनंतर शाळा सोडून शेतात जातात, आणि त्यांचा तो हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये मान्य केला आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये वाढलेली मराठी मुलगीही अमेरिकीच आहे, आणि रविवारची मराठी शाळा हा तिच्या अमेरिकी बालपणाचाच भाग आहे.

या बाबतीत आपल्याकडे एक थोर उदाहरण आहे आणि त्याचा आपल्याला विसर पडावा याचे मला मनापासून वाईट वाटते. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी पंडिता रमाबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला आल्या, पुढे जवळजवळ तीन वर्षे या देशात हिंडल्या आणि १८८९ मध्ये त्यांचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. तेथील शिक्षण, घरगुती राहणी, स्त्रियांच्या संस्था यांविषयी त्यांनी मराठी वाचकाला तपशिलाने सांगितले, आणि ज्या देशाचे त्यांना मनापासून कौतुक वाटले त्याच देशाने मूळनिवासी आणि कृष्णवर्णीय लोकांना कसे वागवले तेही झाकून ठेवले नाही. आपल्या गृहपाठाची चार-पाच पाने लिहिण्याआधी या पुस्तकातील काही पाने अवश्य वाचा.

शेवटची सूचना वेळेविषयी आहे. जालन्याच्या त्या विद्यार्थिनीला मुलाखत संपताना मैत्रिणीने उलट विचारले, ‘दहावीनंतर विज्ञान शाखा घ्यायची हे तुमच्या घरी कोणी ठरवले?’ उत्तर देता देता दोघी आणखी पाऊण तास बसल्या. आई, वडील, मामा, शिकवणीचे सर आणि ती स्वतः, अशा पाच जणांचा त्या निर्णयात कसा वाटा होता हे तिने प्रथमच कोणाला तरी सांगितले, आणि मग ते आपल्या पानांच्या शेवटी लिहून जोडले. तेव्हापासून मी गृहपाठाच्या सूचनांत एक ओळ वाढवली आहे : मुलाखतीची शेवटची वीस मिनिटे समोरच्याच्या प्रश्नांसाठी राखून ठेवावीत, आणि त्या वेळी दिलेली आपली उत्तरेही तितक्याच काळजीने टिपून घ्यावीत.